थेंबाची जागा

रीळ हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो दोऱ्याचा. वडील शिंपी होते. रत्नागिरीत राम आळीजवळ त्यांचं एका गाळ्याचं दुकान होतं. भिंतीला खिळ्यांवर रंगीत रिळं ओळीने लावलेली, खाली पायाचं मशीन आणि मशीनच्या खणात लांब चोचीची तेलाची कुपी. आठवड्यातून एकदा, दुकान बंद करायच्या आधी, ते ती कुपी बाहेर काढत. मशीनच्या अंगावर ठिकठिकाणी बारीक भोकं असतात. प्रत्येक भोकात एकच थेंब. मग चाक हाताने सावकाश फिरवायचं, मान तिरकी करून आवाज ऐकायचा, आणि सुईत दोरा न ओवता एक चिंधी दाबाखालून चालवायची. जास्तीचं तेल चिंधीने पिऊन घेतलं नाही, तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडायचा. मला घाई असायची. ते म्हणत, "थांब जरा. थेंबाला त्याची जागा सापडू दे."

वडील गेले, दुकान गेलं, मशीनही गेलं. कुपी तेवढी माझ्याकडे राहिली. आज ती ओटीवर, पसरलेल्या वर्तमानपत्रावर, दुसऱ्याच एका रिळाशेजारी उभी आहे. हे रीळ गरवायचं, गळाने मासे धरायचं. आम्ही गरवणारे त्याला रील म्हणतो.

आषाढ आहे. पागोळ्या अखंड लागल्या आहेत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो. मिरकरवाडा बंदरात त्या एकमेकींना चिकटून उभ्या आहेत आणि माणसं जाळी विणत, इंजिनं उघडत बसली आहेत. माझ्या एका रॉडला काही कुठल्या बंदीचं बंधन नाही. पण पंचवीस वर्षं झाली, मीही याच दिवसांत रील उघडतो. सगळं बंदर डागडुजीला बसलेलं असताना आपणही बसावं, असं वाटतं.

रील उघडण्याचा एक क्रम आहे आणि तो मोडता येत नाही. आधी वरची ड्रॅगची कळ पूर्ण सैल करून स्पूल, म्हणजे दोरीची फिरकी, काढायचा. मग हँडल. मग रोटरचा नट, आणि शेवटी कुशीवरचं झाकण. काढलेला प्रत्येक भाग मी इडलीपात्राच्या जुन्या ताटलीत ठेवतो, एका खळग्यात एक, काढला त्याच क्रमाने. जोडताना उलट फिरत यायचं. झाकण निघालं की पहिल्यांदा वास येतो. जुन्या ग्रीसचा, थोडा मेणासारखा, थोडा लोखंडासारखा. मागच्या वर्षी मी भरलेलं ग्रीस मधाच्या रंगाचं होतं. आता दातांच्या कडेला ते काळपट झालं आहे आणि पितळी पिनियनच्या, म्हणजे लहान गिअरच्या, मुळाशी हिरवट झाक आहे. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आमटी ठेवली की कळकते, तोच हा कळंक. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळून जातं, मीठ राहतं, आणि रात्रीच्या दमट हवेतून ओल ओढून पुन्हा कामाला लागतं. रील कपाटात असते तेव्हाही आत हे चालूच असतं.

म्हणून वंगण. या शब्दात मला बैलगाडी दिसते. गाडीच्या आसाला एरंडेलाचं वंगण घालत, आणि ते नाही घातलं की चाक वाटभर करकरत जाई. लहानपणी मला वाटे की वंगण म्हणजे तेल आणि तेल म्हणजे तेल. रील हाती आली तेव्हा कळलं की या मुठीएवढ्या डब्यात निरनिराळ्या स्वभावाच्या पाच-सहा जागा आहेत आणि प्रत्येकीचं मागणं वेगळं आहे.

तेल वाहतं. ते फटीत शिरतं, बेअरिंगच्या गोळ्यांवर पातळ पापुद्रा धरतं, आणि जसं शिरतं तसंच निघूनही जातं. ग्रीस थांबतं. दात दातावर दाबला जातो तेव्हा तेल बाजूला सरकून निघून जाईल. ग्रीस बाजूला सरकलं तरी जवळच राहतं आणि त्याच्यातून तेल झिरपत राहतं. ग्रीस म्हणजे नुसतं घट्ट तेल, असा माझा समज होता. ते तसं नसतं. ग्रीसमध्ये बहुतेक भाग तेलच असतं. ते धरून ठेवायला आत एक साबण असतो, स्पंजाने पाणी धरावं तसा. बाजारात सगळ्यात जास्त मिळतं ते लिथियमचं ग्रीस. त्याचा साबण लिथियम आणि एका स्निग्धाम्लाचा असतो आणि ते स्निग्धाम्ल येतं एरंडेलापासून. हे प्रथम वाचलं तेव्हा मी डबी हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. बैलगाडीच्या आसाखालचं एरंडेल कुठे हरवलं नव्हतं. रसायनाचा वेष घेऊन ते माझ्या रीलच्या गिअरवर येऊन बसलं होतं.

ग्रीसच्या घट्टपणाला आकडे असतात. २५ अंश सेल्सिअसला एक ठरावीक वजनाचा शंकू ग्रीसमध्ये सोडतात आणि तो किती खोल रुतला ते मोजतात. त्यावरून ००० पासून ६ पर्यंत श्रेणी ठरते. आपल्या स्वयंपाकघरात आणून सांगायचं तर ०० म्हणजे दाट आमरस, ० म्हणजे सैल श्रीखंड, आणि २ म्हणजे चक्का, बोटाने उचलला तर उचललेल्या आकारात राहणारा. गाड्यांच्या चाकांत साधारण २ नंबरचं घालतात. मोठ्या रीलच्या मुख्य गिअरला तेही चालतं. पण लहान रील, पातळ दोरी, हलका गळ असेल तर चक्क्यासारखं ग्रीस हँडलला जड करतं. दूर पाण्यात मासा आमिषाला नुसतं तोंड लावून बघतो, तो बारीक ठोका दोरीवरून बोटापर्यंत यायला हवा. जड रीलमध्ये तो वाटेतच बुडतो. म्हणून माझ्या लहान रीलला मी मऊ ग्रीस निवडतो, दातांच्या खोबणी भरतील एवढंच, ब्रशने लावलेलं. डबा भरायचा नसतो.

कुठलं ग्रीस, हे मला मिरकरवाड्यातल्या एका चाचांनी शिकवलं. जन्मभर त्यांनी ट्रॉलरवर इंजिन चालवलं. मी गाडीच्या दुकानातून आणलेली डबी घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"तू मास्तरांचा ना? राम आळीतल्या?"

"हो चाचा."

"माझ्या निकाहची शेरवानी त्यांनी शिवलेली." एवढं बोलून त्यांनी डबीतलं बोटभर ग्रीस डाव्या तळहातावर घेतलं आणि शेजारी स्वतःच्या डब्यातलं निळं ग्रीस. दोन्हीवर बादलीतलं खारं पाणी शिंपडलं आणि अंगठ्याने चोळायला लागले. माझं ग्रीस हळूहळू पांढुरकं झालं, पाणी पीत गेलं, शेवटी ताकातल्या लोण्यासारखं विरविरीत. निळ्याने पाणी घेतलं नाही. थेंब त्याच्यावरून घरंगळून मनगटाकडे गेले.

"तुझं वाईट नाही," ते म्हणाले. "रस्त्यावर चालेल. इथे मीठ आहे."

लिथियमची सगळीच ग्रीसं पाण्यात अशी विरतात असं नाही. त्यांतही डावं-उजवं असतं. पण तो तळहात मी विसरलो नाही. पुढे वाचनात आलं की कॅल्शियम सल्फोनेटचा आधार असलेली ग्रीसं खाऱ्या पाण्याला आणि गंजाला चांगली तोंड देतात आणि म्हणूनच बोटींवर वापरतात. चाचांना ते नाव ठाऊक नव्हतं. त्यांना तळहात ठाऊक होता. निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली: नवं घालायच्या आधी जुनं पार काढ, दोन ग्रीसं एकत्र करू नकोस. त्याचंही कारण मला नंतर समजलं. वेगवेगळ्या साबणांची ग्रीसं एकमेकांत मिसळली की काही जोड्या एकमेकांचा धरबंध सोडवतात. दोन्ही घट्ट असतात आणि मिश्रण मात्र पातळ होऊन वाहून जातं. तेव्हापासून धातूचे दात मी रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने घासतो, कोरड्या फडक्याने पुसतो, वाऱ्यावर ठेवतो आणि मगच नवं लावतो.

बेअरिंगची गोष्ट वेगळी. स्पूल आणि हँडलच्या बेअरिंगला मी वडिलांच्या कुपीतलं शिलाई मशीनचं तेल घालतो. ते पातळ, स्वच्छ खनिज तेल असतं. सुईचा दांडा मिनिटाला शेकडो वेळा वर-खाली होतो, त्या वेगासाठी केलेलं. एक थेंब. बेअरिंग चिमटीत धरून कानाशी फिरवलं तर सुकलेलं बेअरिंग कुरकुरतं, तेल पोचलं की सळसळतं, आणि तेल जास्त झालं की मुकं होतं. वडील मान तिरकी करून काय ऐकत होते ते मला वयाच्या चाळिशीत उमगलं.

सगळ्यात कष्टाची जागा सगळ्यात लहान आहे. स्पूलवरून फिरणाऱ्या तारेच्या कमानीच्या, म्हणजे बेलच्या टोकाला, जिथून दोरी वळून स्पूलकडे येते, तिथे एक बोराएवढा लाइन रोलर असतो. समुद्रातून ओली झालेली सगळी दोरी, दर फेकीला, त्याच्यावरून जाते आणि आपलं पाणी त्याच्या बेअरिंगमध्ये पिळून पुढे सरकते. रीलमधलं पहिलं बेअरिंग बिघडतं ते बहुधा हेच. ते अडकलं की रोलर फिरत नाही, दोरी घासत जाते, आणि एखाद्या दिवशी चांगला मासा लागलेला असताना नेमकी तिथे झिजलेली दोरी तुटते. माणूस दोरीला दोष देतो. या रोलरला मी फक्त वर्षातून एकदा भेटत नाही. भाट्याच्या किनाऱ्यावरून घरी आलो की प्रत्येक वेळी एक थेंब.

खोबरेल घालू नये. हे मी जपून सांगतो, कारण आमच्याकडे कडी-कोयंड्यापासून केसांपर्यंत सगळ्याला खोबरेलच. पण ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठू लागतं. माघातल्या पहाटे बाटलीत पांढरं झालेलं आपण पाहतोच. शिवाय खाण्याची तेलं हवेत उघडी राहिली की काळाने खवट होतात, चिकट होतात. ज्या मायेने आजी दाराच्या बिजागरीला खोबरेल लावायची, त्याच मायेने मी पहिल्या रीलला लावलं होतं आणि थंडीत हँडल हलेना. डब्ल्यूडी-४० चंही तसंच पारखून घ्यावं. १९५३ साली अमेरिकेत ते तयार झालं. नावाचा अर्थच पाणी हटवणं, आणि ४० हा चाळिसाव्या प्रयत्नाचा आकडा. भिजलेल्या धातूवरचं पाणी हटवायला आणि अडकलेला स्क्रू सोडवायला ते उत्तम. पण ते गिअरवर मारलं तर तिथलं ग्रीस सैल करून घेऊन जातं आणि मागे थांबणारं फार थोडं ठेवतं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. रीलमध्ये एक जागा अशी आहे की जिथे वंगण जास्त झालं तर रील आपलं कामच विसरते. हँडल पुढे फिरावं, मागे फिरू नये, यासाठी रोटरखाली एक क्लच असतो. त्यात काडीएवढे पोलादी रोलर उतरत्या खाचांत बसलेले असतात. हँडल पुढे फिरलं की ते मोकळे सुटतात. मागे जायला बघितलं की उतारात अडकून घट्ट रुततात, त्याच क्षणी. त्या वर्षी मी चाचांचं निळं ग्रीस नव्या भक्तीने सगळीकडे भरलं होतं. क्लचमध्येही, बोटाने दाबून. भाद्रपदातली रात्र होती, भाट्याच्या खाडीच्या मुखाशी भरती आत येत होती. दोरी ताणली, रॉड वाकला, आणि जिताड्याची ती जड, खालच्या अंगाची ओढ आली. मी रॉड उचलला आणि हँडल मागे फिरलं. हातातून सुटून गर्रकन. ग्रीसमध्ये रुतलेले रोलर वेळेवर आपल्या उतारावर पोचलेच नाहीत. दोरी क्षणभर ढिली पडली. तेवढा क्षण माशाला पुरला. पाण्यावर एक वळसा उठला आणि खाडी पुन्हा सपाट झाली.

त्या रात्री घरी येऊन मी रील उघडली तेव्हा आत गंज नव्हता, कचरा नव्हता, काही तुटलेलं नव्हतं. होती ती माझीच काळजी, भरपूर, नको तिथे. ती जागा घसरण्यासाठी नव्हती. तिचं सगळं आयुष्य पकडीवर होतं. तिला पातळ तेलाचा ओला हात पुरतो, गंज येऊ नये एवढाच.

ड्रॅगनेही हेच वेगळ्या रीतीने शिकवलं. मोठा मासा पळू लागला की दोरी तुटू नये म्हणून ड्रॅग तिला थोडी थोडी सोडतो. कार्बनच्या आणि धातूच्या चकत्या एकावर एक दाबलेल्या असतात. घर्षण हेच त्यांचं काम. त्या कोरड्या ठेवता येतात, पण समुद्रावर मी त्यांना ड्रॅगसाठीच केलेल्या ग्रीसचा हात लावतो, इतका पातळ की चकती फक्त ओलसर दिसावी. कोरडा ड्रॅग कधी धरतो, कधी झटक्याने सोडतो. हात लावलेला ड्रॅग सारख्या ओढीने सोडतो, आणि मीठही चकत्यांत शिरत नाही. गिअरचं ग्रीस तिथे लावलं तर पकड भलतीच होते. घर्षण तिथे हवंच असतं, फक्त ते शिस्तीत यावं लागतं.

जुन्या काळी रील कोण करत आणि तिचं तेल कुठून येई, याचा शोध घेताना एक गोष्ट हाती आली आणि ती मनातून जात नाही. अमेरिकेतल्या केंटकीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गरवण्याच्या उत्तम रील बनवल्या त्या घड्याळजींनी. जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी त्यांतला पहिला मानतात. मीक बंधूही घड्याळं आणि दागिने करणारे. बारीक दात कापायला आणि एका थेंबाने भागवायला दुसरं कोण शिकलेलं होतं? आणि त्या शतकात घड्याळाला लागणारं सर्वांत चांगलं तेल मिळे ते पॉरपॉइज आणि डॉल्फिनच्या जातीच्या जिवांच्या जबड्यातून आणि डोक्यातून. कडाक्याच्या थंडीत ते गोठत नसे, वर्षानुवर्षं चिकट होत नसे. न्यू बेडफर्डच्या विल्यम नाय यांच्या कारखान्यातून ते बाटल्यांत भरून देशोदेशी जाई.

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यासमोर हिवाळ्यात सकाळी डॉल्फिनच्या पाठी वर येतात. करडी, ओली, गोल पाठ, एक श्वास, आणि पुन्हा पाणी. ते पाहताना मला ती बाटली आठवते. समुद्रात बोलण्यासाठी, ऐकण्यासाठी ज्या तेलाची रचना झाली ते माणसाने चाकांच्या कुरकुरीसाठी काढून घेतलं. आज आपलं तेल खनिज आहे किंवा कारखान्यात घडवलेलं आहे, याचं मला खरंच समाधान वाटतं. आणि म्हणून ते सांडू नये, समुद्रात धुऊ नये, याची काळजीही वाटते. रॉकेलची वाटी मी अंगणात ओतत नाही. उरलेलं रॉकेल बाटलीत भरून ठेवतो. ओळखीचा गॅरेजवाला जुन्या ऑइलबरोबर ते देऊन टाकतो.

आपल्या भाषेत तेलाला आणि मायेला एकच शब्द आहे, स्नेह. रील उघडून बसलं की हा शब्द नुसता सुंदर वाटत नाही, अवघड वाटतो. कारण स्नेह सगळीकडे सारखा ओतून चालत नाही. कुणाला तो वाहता हवा, रोजच्या रोज, थेंबभर. कुणाला थांबणारा हवा, दाबाखालीही न हलणारा. कुणाला नुसती ओल पुरते आणि बाकीचं त्याचं त्याला करू द्यायचं असतं. वडिलांनी आम्हा चौघा भावंडांना कधी सारखं वागवलं नाही, याचा मला एके काळी राग होता. धाकट्याला ते जवळ घेऊन बसत; मला मात्र लांबून बघत आणि कधीतरी एवढंच विचारत, "बरं चाललंय ना?" आता वाटतं, त्यांनी आमचे आवाज ऐकले होते.

संध्याकाळ होत आली. गिअर बसला, झाकण बसलं, हँडल फिरवलं. सुरुवातीला किंचित जड, मग ग्रीस आपापल्या जागी गेलं आणि हात हलका झाला. एकही स्क्रू ताटलीत उरला नाही. ड्रॅग सैल करून ठेवला, म्हणजे चकत्या दाबून राहणार नाहीत. नारळी पौर्णिमेला नारळ पडेल, होड्या बाहेर निघतील, मीही रत्नागिरीत काळा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्याच्या खडकांवर जाईन.

तुमच्याकडे खाऱ्या पाण्यावर वापरलेली रील असेल तर या पावसात ती एकदा उघडा. गरवून आलात की ड्रॅग आवळून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. जोराचा फवारा मीठ आत ढकलतो. मग पुसा, ड्रॅग सैल करा, वाळू द्या. गिअरला पाणी न पिणारं ग्रीस, खोबणीपुरतं. बेअरिंगला मशीनचं तेल, एक थेंब. ड्रॅगला त्याचंच ग्रीस, नावापुरतं. क्लचला जवळजवळ काही नाही. आणि थेंब घातल्यावर लगेच हँडल फिरवू नका. थोडं थांबा.